उघडं डोकं

साडी नेसून आलेली एस्तेर चर्चच्या दारातच घुटमळली. इथे बाया डावीकडे बसत, पुरुष उजवीकडे. आणि सहा वर्षांपूर्वीपर्यंत ती मुलगा म्हणून बापाशेजारी, उजवीकडे बसायची.

पुढच्या सतरंजीवर बसलेली तिची आई, मार्थाबाई, धास्तावून मागे वळून पाहू लागली. सगुणामावशी उठून तरातरा दाराकडे निघाली होती, आणि मावशीच्या तोंडाला पाळकसुद्धा टरकून असत.

"प्रार्थनेला आलीस आणि डोकं उघडं?" मावशी कडाडली. "बायकांनी डोक्यावर पदर घ्यावा, एवढंही आईनं शिकवलं नाही? घे आधी पदर, आणि चल, बस आमच्यात!"

सगळ्या मंडळीसमोर आपला उद्धार झाला, तरी मार्थाबाई हसत हसत बाजूला सरकली आणि तिनं लेकीपुरती जागा केली.