एक लाल ठिपका

टॅबवर तीस ठिपके हिरवे झाले, एक मात्र लालच राहिला. वर्गातले चेहरे वाचून कोणाला कळलं नाही ते टॅब दाखवायचा, आणि अंतिम पाठात एक जरी लाल उरला तरी शिकाऊ शिक्षक नापास. सुनेत्राने पुन्हा खडू उचलला. अर्ध्या भाकरीत पाव भाकरी किती वेळा बसते, हे तिने तिसऱ्यांदा फळ्यावर काढून दाखवलं.

"बाई, आम्हाला केव्हाच कळलंय!" मुलं ओरडली.

तिने मुलं मोजली. तीसच भरली. शेवटच्या बाकावर तिचे परीक्षक, गणिताचे ढोबळे सर, वहीत गुपचूप भाकरी काढत होते.

"पुन्हा एकदा, सावकाश बघू या," ती मुलांकडेच बघत म्हणाली.

ठिपका हिरवा झाला. सर खाकरत उठले.

"पास. पण मुलांना जरा उशिरा कळलं हं, बाई."