काहीच सापडलं नाही

"शलाकाताई, वीस मिनिटं झाली, स्क्रीनवर एकही कॉल येत नाहीये!" ॲम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममधून सुर्वेकाका फोनवर ओरडत होते. "गाड्या उभ्या आहेत. पत्ते कुठून आणू?"

"बघते, काका." मी आमच्या सॉफ्टवेअरचा कोड सांभाळणाऱ्या एआयला विचारलं, आज काय बदललंस?

"कॉलची यादी दाखवणारा कोड काढला," त्याने लिहिलं. "शोधण्याच्या टूलच्या माहितीत लिहिलं आहे, 'कोड जिथे जिथे वापरलाय, त्या सगळ्या जागा दाखवतं.' मला एकही जागा सापडली नाही, म्हणून तो बिनकामाचा समजलो."

टूलच्या माहितीतलं ते वाक्य मीच लिहिलं होतं. टूल जुन्या फोल्डरमध्ये शोधतच नाही आणि कंट्रोल रूमची स्क्रीन नेमकी तिथूनच चालते. टीममध्ये हे प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण नव्या माणसाला पहिल्याच दिवशी मी टपरीवर चहा पाजून सांगायचे. त्यात लिहायचं काय? एआयला चहाला कोण नेणार होतं!

मी कोड परत चढवला. सर्व्हर सुरू होईपर्यंत ते वाक्य खोडून नवं लिहिलं: 'हे टूल जुन्या फोल्डरमध्ये शोधत नाही. काही सापडलं नाही, म्हणजे ते नाहीच, असं समजू नये.'

"आली यादी!" काका म्हणाले आणि एकदम त्यांचा आवाज पडला. "ताई, पहिला कॉल पंचवीस मिनिटांपूर्वीचा आहे. छातीत दुखतंय म्हणून एकट्या बाईंनी केलेला. आता फोन लावतोय, तर उचलत नाहीत."

"उचलत नाहीत म्हणून काय झालं?" मी किंचाळले. "गाडी पाठवा, काका!"