पडेल सिनेमाला पूर्ण गुण

सिनेमा: हॉलिवूडचा, १९३०चा, गाण्यांनी भरलेला विनोदी.
गाणी: रटाळ. नाच: त्याहून रटाळ.
अभिनय: बोलपट नुकते सुरू झाले होते आणि माइक जागचा हलत नसे, म्हणून सगळे खांबासारखे उभे राहून एकेक शब्द सुटा बोलत होते.
प्रेक्षक: वाशिमहून आलेली मी आणि दिल्लीच्या आर. के. पुरममधल्या मावशीचा वेदांत. त्यांच्याकडे नुकतंच केबल आलं होतं.

“यार ताई, काय बोअर आहे!” म्हणत तो पेपरात दुसरा कार्यक्रम शोधू लागला.

एरवी इंग्रजी सिनेमात तो हसला, की काही न कळता मी हसायचे. आणि सोमवारी माझी यूपीएससीची मुलाखत होती, तीही इंग्रजीतून.

तेवढ्यात नायक काहीतरी बोलला आणि मी खदखदून हसले.

“काय म्हणाला गं तो?” वेदांतनं विचारलं.

मी त्याला सांगितलं. इंग्रजीतच.