येतो म्हणावं

"मधु, ती बोट बघ रे केवढी!" गेटवेच्या कठड्याला धरून इंदुबाई म्हणाली.

रघुने तिला दुरुस्त केलं नाही. मधु त्याचा थोरला भाऊ, कधीच वारलेला. गेलं वर्षभर आई रघुलाच मधु म्हणायची. आज ते बरंच होतं. तिला या गर्दीत सोडून एकट्याने बदलापूरला परतायचं होतं, आणि सोडणाऱ्याचं नाव तिच्या तोंडी नसलेलं चांगलं.

बदलापुरातल्या हेंद्रेपाड्याच्या एका खोलीत हे ठरलं होतं. आईने दोनदा गॅस उघडा ठेवला. दुसऱ्या वेळी घरात झोपलेली कीर्ती, रघुची मुलगी, थोडक्यात वाचली. "आता एक तर त्या राहतील, नाहीतर मी पोरीला घेऊन माहेरी जाते," रघुच्या बायकोने, श्रद्धाने सांगून टाकलं. रघुने आनंदनगरच्या कंपनीत रीतसर रजा टाकली. माणूस असल्या कामालाही रजा टाकतो.

सकाळी निघताना तो बायकोला "जातो गं" म्हणाला, तर इंदुबाई उंबऱ्यातच थांबली.

"जातो म्हणू नये रे. येतो म्हणावं."

सगळं विसरली, एवढं नाही विसरली. श्रद्धाने मान फिरवली.

आता दोघं ताजसमोरून समुद्राच्या कडेने रमतगमत चालली होती. इंदुबाईने चणे खाल्ले. गोऱ्या बायकांकडे बघून हसली. हा दिवस एकदाचा संपावा असं रघुला वाटत होतं, आणि संपू नये असंही.

"अम्मा, बेटे के साथ एक फोटो? अभी के अभी देता है," एक फोटोवाला आडवा आला.

"माझा कशाला? ह्याचा एकट्याचा काढ."

रघु हसायला गेला, जमलं नाही. फोटो हातात आल्यावर इंदुबाईने तो पदराने पुसला आणि ब्लाउजमध्ये जपून ठेवला. म्हातारपणी माणसं काहीही करतात, रघुने मनाशी म्हटलं.

तिच्या गळ्यात घरचा नंबर लिहिलेलं कार्ड होतं. "घामाने भिजतंय गं," म्हणत त्याने ते काढायला घेतलं. दोरा केसांत अडकू नये म्हणून तिने आपणच मान खाली केली. कार्ड त्याच्या खिशात गेलं.

ऊन कललं. त्याने तिला सावलीतल्या बाकावर बसवलं, पदर सारखा केला, बिस्किटाचा पुडा मांडीवर ठेवला.

"आई, इथंच बस हां. पाण्याची बाटली घेऊन येतो."

तो वळला, तेवढ्यात तिने त्याचं मनगट धरलं.

"येतो नको म्हणूस, रघु," ती म्हणाली. "जातो म्हण. येतो म्हटलंस तर मी वाट बघत बसेन."