प्रवासी की कर्मचारी

“त्यांनी यानात एखादं तरी काम केलं होतं का? नीट आठवा,” वकीलबाईंनी कोर्टाच्या जिन्यात पुन्हा विचारलं.

त्याला काही आठवेना. सोडतीत तिकीट लागलं म्हणून बायको अंतराळात फिरायला गेली होती. यान परत आलं, पण आतल्या पाच जणांपैकी कुणीच जिवंत नव्हतं.

कंपनीचं म्हणणं, ती प्रवासी. जोखीम मान्य असल्याची सही तिने केली होती, त्यामुळे चूक कुणाची हे सांगायला कंपनी बांधील नव्हती. ती कर्मचारी ठरली, तरच चौकशीत काय निघालं ते उघड करावं लागणार होतं.

“भरपाई नको,” तो म्हणाला. “कुणामुळे गेली, तेवढं कळू दे.”

कंपनीचा म्हातारा वकील जिना चढताना त्याच्यापाशी थांबला. “हे इथेच सोडा. तुमच्या भल्याचं सांगतोय.”

ही धमकीच, असं त्याला वाटलं. तो जास्तच हट्टाला पेटला.

वर्षभर घर खायला उठत होतं. रात्री फ्रिजसुद्धा गप्प. ती होती तेव्हा तिच्या हातून त्याचं दार अर्धवट राहायचं आणि फ्रिज कुरकुरायचा. मग तो स्वतः उठून दार ढकलायचा. मी नवरा कमी, वॉचमन जास्त, असं चिडवायचा. “तुम्ही आहात ना मागे,” ती म्हणायची.

तिचा आवाज आठवला आणि तो एकदम थांबला. उड्डाणाआधी प्रत्येकाला घरी एक फोन करू दिला होता. तिचं बोलणं त्याच्या मोबाईलमध्ये रेकॉर्ड झालं होतं. ती गेल्यापासून ते पुन्हा ऐकायचा धीर झाला नव्हता.

न्यायाधीशांसमोर त्याने ते लावलं.

“अहो, ऐकताय ना? कॅप्टनच्या मदतनीसाला मळमळतंय, म्हणून मलाच कामाला जुंपलं. यानाचं दार मी लावलं, बरं का. आता म्हणा, नुसती मिरवायला गेली.”

न्यायाधीशांनी ते दोनदा ऐकलं. यानाचं काम जिच्यावर सोपवलं, ती नुसती प्रवासी नव्हे, असं त्यांनी सांगितलं आणि कंपनीला चौकशीचा निष्कर्ष वाचायला लावला.

वकीलबाईंनी त्याचा हात दाबला. कितीतरी दिवसांनी त्याला भूक लागल्यासारखं वाटलं.

म्हातारा वकील उठला. त्याने फाईल उघडलीच नाही.

“यानात बिघाड कुठलाच नव्हता,” तो हळू आवाजात म्हणाला. “दार पूर्ण लागलेलं नव्हतं.”