अंबाडीची ओळ

बुद्धप्रिया थेट अंबाडीच्या ओळीत जाऊन बसली. चांगली मांडी घालून. रविवार होता, म्हणून अंगात गणवेश नव्हता. पण वेण्या शाळेच्याच होत्या, लाल रिबिनी बांधलेल्या. गुडघ्याएवढ्या हिरव्या कापसात त्या लांबून दिसत होत्या.

समोर सुदर्शन उभा. पाठीवर तणनाशकाचा पंप, तोंडाला रुमाल, हातात नळी. त्यानं नळी खाली केली आणि बांधाकडं पाहिलं. बांधावर रानाचे मालक किशनराव होते आणि त्यांच्यापासून जरा अंतर राखून खुरपणीच्या बाया. खुरपी हातात होती, काम मात्र नव्हतं. हे त्यांना रानात आल्यावरच कळलं होतं.

"ए पोरी, ऊठ," किशनराव म्हणाले. "अंगावर उडंल."

"उडू द्या की."

"पंचशीलाबाई, लेकीला सांगा तुमच्या."

पंचशीलानं पदर सारखा केला. "बुद्धे, चल घरी. दुसऱ्याचं रान हाय ते."

"रान दुसऱ्याचं हाय, आई. अंबाडी आपली हाय."

खोटं नव्हतं ते. किशनरावांच्या रानात सरकी लावायला दरसाल याच बाया येत आणि लावता लावता ओटीतलं अंबाडीचं बी मूठमूठ टाकत जात. पाच-सहा ओळींआड एक ओळ. कुणी विचारून टाकत नसे, कुणी अडवतही नसे. खुरपणी लागली की संध्याकाळी प्रत्येकीच्या पदरात अंबाडीचा पाला, वर तांदुळजा, घोळ, पाथरी. मालकाचं जे तण, ते त्यांच्या घरचं कालवण. यंदाही बायांनी तसंच केलं. यंदाचं बियाणं निराळं आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. बिननावाच्या पाकिटातलं, जनुक बदललेलं, चोरून आणलेलं. वरून तणनाशक मारलं तरी त्या कापसाला ढिम्म होत नाही. बाकी सगळं जळतं.

किशनराव खाली उतरले. माणूस वाईट नव्हता.

"मागल्या साली झड लागली तवा तुमच्या दारोदार फिरलो मी. आली का एक तरी बाई? समद्या सोयाबीनला गेलत्या. कमरेएवढं गवत माजलं माझ्या रानात. मी काय करावं, सांग बरं."

बायांपैकी कुणी वर बघेना. तेही खोटं नव्हतं.

"आन तू गं?" त्यांचा आवाज चढला. "भोकरला वादविवादात तूच बोललीस न्हवं? जीएम अन्नाला भिऊ नका, शेतकऱ्याला नवं बियाणं द्या म्हणून? ढाल घेऊन फोटो काढलास! म्या सोता टाळ्या वाजवल्या तिथं."

सुदर्शन रुमालाआड हसला. बुद्धप्रियाचे कान तापले. ढाल खरी होती. भाषणही अजून तोंडपाठ होतं, अगदी "आदरणीय व्यासपीठ"पासून. एकदा वाटलं, उठावं गपचूप. तेवढ्यात हात अंबाडीच्या लाल देठाला लागला.

"बोलले व्हते," ती म्हणाली. "आजबी बोलंन. पण काका, तिथं समदे हेच विचारून राहिले व्हते, ताटात नवं काय येतं, त्यानं काय व्हतं. ताटातून काय जातं, ते कुणी विचारलंच न्हाई. मीबी न्हाई."

"मूठभर पाल्यासाठी एवढं?"

"मूठभर? तुमच्या घरच्या सिंधुकाकू परवाच टोपलंभर खुडून घेऊन गेल्या. लसणाची फोडणी देऊन आली असंल की तुमच्या डब्यात!"

बांधावरच्या बायांतली तारामती फिसकन हसली आणि पदर तोंडात कोंबला. किशनरावांचा चेहरा लाल झाला.

"मार रं सुदर्शन! उठती आपोआप."

सुदर्शननं कळ दाबली. पंप घुरघुरायला लागला.

"मारा," बुद्धप्रिया म्हणाली. "कापूस सोडून समदं जळतं म्हणता ना यानं? मग बघाच. मी काय कापूस न्हाई, काका."

पंप घुरघुरत राहिला. नळी काही वर होईना.

पंचशीला बांधावरून उतरली. लेकीला आता ओढून नेणार, असंच सगळ्यांना वाटलं. ती ओळीपाशी आली. लेकीकडं पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"शिकविलं ते आमचंच चुकलं," म्हणाली, आणि साडी सावरून पलीकडच्या अंबाडीच्या ओळीत खाली बसली.

मग तारामती आली. तिच्यामागं गुडघे धरत, कुणाला तरी शिव्या घालत पार्वतीबाई. "खुरपणी गेली ती गेली," ती बसता बसता म्हणाली, "कालवण तरी ऱ्हाऊ दे बापा." मग उरलेल्या साऱ्या. कुणी जवळच्या ओळीत, कुणी पार त्या टोकाला, विहिरीकडच्या.

"सुदर्शन! काय बघून राहिलास?"

सुदर्शननं पंप बंद केला. पाठीवरून उतरवून बांधाला टेकवला. रुमाल सोडून त्यानं साऱ्या रानावरून सावकाश नजर फिरवली. हिरव्यातून जागोजागी पदर वर आले होते, पिवळे, निळे, जांभळे, आणि मधोमध त्या लाल रिबिनी.

"मालक," तो म्हणाला, "तण लई झालंय. हे काय औषधानं जायचं न्हाई."