चांदीच्या घंगाळातलं झाड

महादेवरावांनी टोपलीवरचं ओलं फडकं काढलं आणि आतलं सुगड ओसरीवर ठेवलं. सुगडात लालभडक फुलांचा झुबका होता. तो बघताच खुशालरावांचा हात मिशीवर गेला. एरवी तो ताव द्यायला जाई. आज ती जागेवर आहे ना, ते चाचपायला गेला.

"ओळखलं काय, खुशालराव?" महादेवराव म्हणाले. "अकोल्याहून आणलं. माझ्या घरचं झाड होय."

अमेरिकेत कुठेशी लढाई जुंपली होती. त्यामुळे वऱ्हाडातला कापूस सोन्याच्या भावानं जात होता आणि कापूसवाल्यांना काय करू नि काय नको असं झालं होतं. अकोल्याच्या महादेवरावांनी आपल्या बैलांच्या दमणीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या. त्यावर तोड म्हणून अमरावतीच्या खुशालरावांनी मागल्या दिवाळीत थेट मुंबईहून एक विलायती फूलझाड मागवलं. आगगाडी होती तिथवर ते आगगाडीनं आलं, पुढे बैलगाडीतून, माणसाच्या मांडीवर बसून. नाव जिरेनियम. पेठेनं लगेच त्याची जिरानी केली.

सोबत आलेली मातीची कुंडी खुशालरावांच्या डोळ्यांत खुपली. त्यांनी झाड उपटून चांदीच्या घंगाळात लावलं. "मालक, याले खाली भोक नाही, पाणी तुंबन," असं कोणी तरी म्हणालं. "मग काय चांदीले भोक पाडू?" खुशालरावांनी विचारलं. ओसरीत चौरंग आला, चौरंगावर घंगाळ, दारात काठी घेऊन बशीर. फांदी मागायला येणाऱ्याला सुपारी मिळे, फांदी मिळत नसे. हे एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण भर बाजारात, महादेवरावांच्या तोंडावर, खुशालराव बोलून बसले होते, "हे झाड वऱ्हाडात दुसऱ्या कोणाच्या घरी दिसलं तं मिशी उतरवीन!"

आता ते दिसलं होतं. आणि महादेवरावांच्या मागे अर्धा बाजार बघायला आला होता.

"चोरलं तुमी!" खुशालराव ओरडले.

"मी चोरीन? माझी बायको माहेराहून घेऊन आली. तिले कोणं देल्लं, मले काय माहीत? बायाच्या कारभारात मी पडत नाही."

"कोणं चोरलं नाही," आतून मनकर्णाबाई पदराला हात पुसत आल्या. "मी देल्लं. संक्रांतीले. वाण म्हणून."

"वाण?"

"पेराखालून फांद्या खुडल्या. सावलीत जरा सुकू देल्ल्या. सुगडात रेती-माती भरून खोचल्या. दरसाल बोरं नि हरभरा भरून देतो, औंदा हे देल्लं. महादेवभाऊच्या दुर्गाबाई आल्या होत्या इथं माहेरी, त्याहिले बी देल्लं."

"अवं, दारात बशीर उभा होता!"

"त्यानंच तं टोपल्या उचलून देल्ल्या."

बशीर काठीच्या टोकाकडे बघू लागला.

"मले विचारलं होतं काय?"

"सवाशिणीले वाण द्यायले नवऱ्याले विचारते काय कोणी?"

गर्दीतल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. काही तरण्याताठ्यांना मात्र आपल्याच घरी पाण्याच्या माठामागे काही तरी लाल फुललेलं अंधुकसं आठवलं आणि ते हळूच मागच्या रांगेत सरकले.

नत्थुजी न्हावी गर्दीत होताच, आणि बाजाराच्या दिवशी तो धोकटीशिवाय हिंडत नसे. कोणी तरी पाट मांडला. कोणी तरी वाटीत पाणी आणलं. असल्या कामाला माणसं कधी कमी पडत नाहीत.

महादेवरावांना आनंद मावेना. "पाहा बाप्पा! नवरा पहारा ठेवते नि बायको वाटून टाकते! माझ्या घरी चालन काय असं? आमची दुर्गा पान बी सुटू देणार नाही. हे सुगड सोडून माझ्या घरच्या झाडाचं पान याच्या ओसरीत दिसलं तं माझी बी मिशी घ्या, जा!"

लोकांनी वाहवा केली. खुशालराव पाटावर बसले. नत्थुजीनं मिशी भिजवली, वस्तरा तळहातावर घासला. थंड पाण्याचा थेंब हनुवटीवर आला, तसा खुशालरावांना नवाच विचार सुचला.

"अवं, बाप जिता आहे माझा," ते बायकोला म्हणाले. "सफाचट तोंड पाहून जो तो विचारीन, घरात कोण गेलं? काय सांगू मी लोकाइले?"

"झाड गेलं म्हणा."

"कोणतं झाड?"

"तुमचं. चैत सरता सरता गेलं ते. घंगाळात पाणी तुंबलं, मुळ्या सडल्या. तुमी मोर्शीले लग्नाले गेले होते, ते आखाजीनंतरच आले."

खुशालरावांनी चौरंगाकडे पाहिलं. घंगाळातून लाल फुलं नेहमीसारखीच डोकावत होती. रोज सकाळी ते त्यांना हात जोडत.

"मग हे काय होय?"

मनकर्णाबाईंनी घंगाळात हात घातला आणि आतून झाडासकट मातीचं एक मडकं बाहेर काढलं. मडक्याच्या बुडाला भोक होतं.

"हे अकोल्याचं. आखाजीले दुर्गाबाई माहेरी आल्या तवा त्याहिनं रुजलेली, फुलावर आलेली फांदी आणून देल्ली. म्हणाल्या, वाणाचं झाड मेलं असं नाही राहू द्यायचं."

महादेवराव घाईघाईनं आपले जोडे शोधू लागले.

"बसा, भाऊ," मनकर्णाबाई म्हणाल्या. "नत्थुजी, थांबा जरा. दोघाइचं होईन इतकं पाणी आणतो."